दहाचा बोल्ट

खोपोलीत फिटरच्या घरी वाढलेल्या पोराला सुताचा हिशेब शिकवावा लागत नाही. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वडील पाइपच्या कारखान्यात होते. त्यांनी "तीन सुताचा दे रे" म्हटलं, की डब्यात न बघता माझ्या बोटांना तो सापडायचा. मापांचा मेट्रिक कायदा १९५६ सालचा, माझ्या जन्माच्या बराच आधीचा. पण आमच्या डब्यापर्यंत तो पोचला नव्हता.

पुढे आयटीआयत ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, तेव्हा ‘एम १०’ भेटला. एम म्हणजे मेट्रिक, पुढचा आकडा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये. आट्यांचा कोन ६० अंश. वडिलांच्या इंची व्हिटवर्थ बोल्टचा ५५. दोघं दिसायला सख्खे भाऊ, पण एकाचा नट दुसऱ्यावर धड बसत नाही.

मग कर्जत लोकल आणि ठाण्याचं डिझाइन ऑफिस. तिथल्या कॅड लायब्ररीत एकच बोल्ट तीन नावांनी नांदत होता: ‘हेक्स १०-३०’, ‘एम१०बोल्ट_नवा’ आणि कुणीतरी उतरवून घेतलेला ‘डीआयएन ९३३’. यादीत तीन ओळी, म्हणून स्टोअरमध्येही तीन कप्पे. लायब्ररी साफ करायचं काम माझ्याकडे आलं. कंटाळवाणं काम, कुणालाच नको होतं. मला आवडलं.

‘एम १० × ३०’ एवढ्याने काहीच ठरत नाही. षटकोनी डोक्याचा की एलन? आटे पूर्ण की अर्धे? षटकोनी बोल्टची लांबी डोक्याखालून मोजतात, काउंटरसंकची डोक्यासकट. पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, लिहिला नसेल तर जाड आटे, म्हणजे दहाला १.५, बारीक १.२५ हवा असेल तर लिहायलाच हवा. आणि डोक्यावरचा ८.८? पहिला आठ म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटेल, दुसरा म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांना, ६४० ला, कायमचा ताणला जाईल. दोन आकड्यांत इतकं सांगणारी पाटी मला दुसरी माहीत नाही.

खरा घोळ पान्याचा. जुन्या जर्मन प्रमाणात, डीआयएन ९३३ मध्ये, दहाच्या बोल्टचं डोकं १७ मिलिमीटरचं, नव्या आंतरराष्ट्रीय आयएसओ ४०१७ मध्ये १६ चं. बाराचं तसंच, १९ आणि १८. आठाला मात्र दोन्हीकडे १३. सावरोलीच्या एका कारखान्यात रात्रपाळीचा फिटर १७ चा पाना घेऊन मशीनच्या गार्डखाली आडवा झाला होता, ड्रॉइंग जुन्या प्रमाणावर आणि बोल्ट नव्या. पाना नुसता घसरत होता. असल्या वेळी तो माणूस ड्रॉइंग काढणाऱ्याला ज्या शिव्या देतो, त्या मला घरूनच पाठ आहेत.

म्हणून आमच्या लायब्ररीत आता नाव असं: षटकोनी स्क्रू, आयएसओ ४०१७, एम १० × ३०, ८.८, झिंक. आपलं आयएस १३६४ भाग २ शेरा म्हणून शेजारी, कारण इथला दुकानदार तेच ओळखतो. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, नावात अर्थ नको, नुसता आठ आकडी नंबर द्या. त्यांचं गणित बरोबर असेल, पण त्यांना कधी पहाटे तीनला खिडकीतून स्टोअरकीपरला उठवावं लागलेलं नाही.

पाइपच्या जोडांचं फोल्डर अजून इंचातच आहे. आमच्याकडे अर्ध्या इंची पाइपला कुणी मिलिमीटर लावत नाही, वडिलांचा तेवढा विजय. ‘किंवा समतुल्य’ हे शब्द मात्र मी सगळीकडून पुसले. खरेदी खात्याला ते फारच आवडायचे.