नव्वद दिवसांचे माहेर

लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. माझे बेळगावला झाले, माझ्या आईचे निपाणीला. आमच्या लेकीच्या वेळी मात्र माहेरालाच उठून तिच्या दारी जावे लागले. आणि ते दार होते मल्लेश्वरमपासून जवळजवळ अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर, कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण टोकाला, त्रिनिदाद बेटावर. जावई तेथे सेंट ऑगस्टीनला वेस्ट इंडीज विद्यापीठात शिकवितात. लेकीचा रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी इतका लांबचा विमानप्रवास नको म्हणून सांगितले, आणि प्रश्न माझ्यापुढे येऊन पडला.

प्रश्न पैशांचा नव्हता, धाडसाचाही फारसा नव्हता. प्रश्न सासूबाईंचा होता. त्यांना अठ्ठ्याऐंशी पूर्ण झालेली. आठव्या क्रॉसच्या बाजारातून भाजी कोणती आणली, येथपासून काडु मल्लेश्वराच्या देवळात आज कोण भेटले, येथपर्यंत सारे त्यांना माझ्याकडूनच कळायचे. (त्या देवळाशी शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी यांचे नाव जोडलेले आहे, ह्याचा त्यांना भारी अभिमान. बंगळुरात आपण उपरे नाही, हे पटविण्यास त्यांना एवढा आधार पुरे.) आम्ही दोघांनीही जावे तर त्यांच्याजवळ कोण? शेवटी त्यांनीच निकाल दिला. “सूनबाई, तू एकटी जा. हा राहील माझ्यापाशी. बाळंतिणीला बापाचा काय उपयोग?”

‘हे’ थोडे हिरमुसले. पोर्ट ऑफ स्पेन म्हटले की यांना १९७१ चा मार्च महिना आठवतो : वाडेकरांचे नेतृत्व, सरदेसाईंचे शतक, गावसकरांचा पहिलाच कसोटी सामना आणि वेस्ट इंडीजवर भारताचा पहिला विजय. ते मैदान डोळ्यांनी पाहावे, ही यांची आयुष्यभराची हौस. ती हौस गुंडाळून ठेवून यांनी माझ्यासाठी कागदपत्रे जमविण्यास प्रारंभ केला.

आता हा कागदपत्रांचा भाग जरा सविस्तर सांगते. कारण आपणांपैकी पुष्कळांची मुले आज अशाच दूरच्या बेटांवर, कोणी शिकण्यास, कोणी शिकविण्यास, जाऊन राहिली आहेत. पहिली गोष्ट ही की ‘कॅरिबियन’ नावाचा एक देश नाही. शेजारच्या दोन बेटांचे कायदे निरनिराळे असतात. मार्टिनिक हे फ्रान्सचे, पोर्तो रिको अमेरिकेचे. बार्बाडोसने २०२० मध्ये परदेशी माणसांना वर्षभर राहू देणारी एक योजना काढली. पण ती दूर बसून परदेशातील नोकरी करणाऱ्यांसाठी, आणि वर्षाला पन्नास हजार डॉलर मिळकत असणाऱ्यांसाठी. आमच्यासारख्या निवृत्त मास्तरणीला तिचा काय उपयोग! त्रिनिदादला भेटीसाठी जाणाऱ्या भारतीय नागरिकाला नव्वद दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. हे ऐकून मला हायसे वाटले होते. पण खरी पंचाईत त्या नव्वदातच दडलेली होती.

मी कालनिर्णय भिंतीवरून काढून जेवणाच्या टेबलावर पसरले. बाळंतपणाचा अंदाज २०२३ च्या नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. महिनाभर आधी जावे तर सवा महिना संपून घडी बसते न बसते तोच दिवस सरणार. आयत्या वेळी जावे, तर पहिलटकरणीचे काय सांगावे? दोन संध्याकाळी मोजदाद करून मी २० ऑक्टोबर धरला. त्या दिवसापासून नव्वदावा दिवस येतो १७ जानेवारी. विमानतळावरचा अधिकारी नव्वदच दिवस देईल, असेही गृहीत धरू नये. परतीचे तिकीट, मुक्कामाचा पत्ता, खर्चाची तजवीज, हे पाहून दिवसांचा आकडा तो ठरवितो. अधिक राहणे झाले तर मुदत संपण्यापूर्वी तेथील इमिग्रेशन कचेरीत अर्ज करावा लागतो. मुदत उलटल्यावर जाऊन गयावया करण्यात अर्थ नाही.

मग वाटेचा प्रश्न. अमेरिकेमार्गे जायचे तर नुसते विमान बदलण्यासाठीसुद्धा अमेरिकेचा व्हिसा हवा, आणि त्यासाठी त्या वेळी बंगळूरकरांना चेन्नईची वाट धरावी लागे. म्हणून लंडनमार्गे जाण्याचे ठरविले. ब्रिटनचाही वाटेपुरता वेगळा परवाना काढावा लागला, पण तो अर्ज बंगळुरातच करता आला.

सर्वांत अनपेक्षित निघाली ती पीतज्वराची लस. त्रिनिदादच्या रानांत ह्या रोगाचा संभव असल्यामुळे तेथून परतणाऱ्यांकडे भारत सरकार लस घेतल्याचा दाखला मागते. तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाते. दाखला लस टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि मग जन्मभर चालतो. आयत्या वेळी टोचून घेऊ म्हणून चालत नाही. शिवाय साठीनंतर प्रथमच ही लस घेणाऱ्यांना तिचा त्रास होण्याचा संभव थोडा अधिक असतो. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांची. आमच्या डॉक्टरांनी माझी सारी औषधे विचारली, तपासण्या पाहिल्या, दोन दिवस विचार केला आणि मगच होकार दिला. आपल्या घरातील वडीलधारे असे निघणार असतील तर ही गोष्ट तिकिटाच्या आधी उरकावी, नंतर नव्हे.

बाळंतविडा तर काय सांगावा! डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, ओवा. मिक्सरही न्यायचा होता. पण तेथील वीज ११५ व्होल्टची, आपल्या निम्म्या दाबाची, असे जावयांनी कळविले. त्यामुळे सारे येथेच कुटून, लाडू वळून नेले आणि कस्टमच्या अर्जात प्रत्येक जिन्नस प्रामाणिकपणे लिहिला. मी केंद्रीय विद्यालयातून निवृत्त झालेली. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तोही तेथील भारतीय उच्चायुक्त कार्यालयातून साक्षांकित करून घेता येतो, हे आधीच विचारून ठेविले.

विमानतळावरील बाईंनी मला एवढेच विचारले, “कोणाकडे आलात, आणि परत केव्हा जाणार?” मी तिकीट पुढे केले. शिक्का बसला, नव्वद दिवसांचा.

पुढे तेथे राहताना तो प्रश्न पुष्कळदा मनात आला. कारण त्या बेटावर आपल्या देशाची पहिली माणसे ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून उतरली, ती पाच वर्षांच्या करारावर. कलकत्त्याहून त्यांना १०३ दिवस लागले होते. माझ्या साऱ्या मुक्कामापेक्षा त्यांचा नुसता प्रवासच मोठा. १९१७ पर्यंत सुमारे एक लक्ष चव्वेचाळीस हजार माणसे अशी उसाच्या मळ्यांवर गेली. मळ्याबाहेर पाऊल टाकायचे तरी त्यांना चिठ्ठी लागे. दहा वर्षांनी परतीचा प्रवास मिळण्याची सोय होती, पण बहुतेकजण परतले नाहीत. काहींनी तर परतीच्या प्रवासाऐवजी जमिनीचा तुकडा पत्करला.

त्यांच्याच पणत्यांपैकी एक लेकीच्या शेजारी राहत असे. हळदीला ती ‘हरदी’ म्हणे, जिऱ्याला ‘गीरा’. हिंदी तिला येत नव्हती, मला तिचे इंग्रजी निम्मे समजे. दिवाळीला त्या मुलुखात बांबू वाकवून त्यांच्या कमानींवर पणत्यांच्या ओळी लावतात. त्या पाहून आलो आणि चौथ्या दिवशी, १६ नोव्हेंबरला, नात झाली. पाचवीला मी पाटावर सटवाईची पूजा मांडली, कोरा कागद ठेविला. दुसऱ्या दिवशी शेजारीण दारात उभी. तिच्याकडे सहाव्या दिवशी ‘छठी’ करतात आणि बाराव्याला ‘बरही’. बाराव्याला आमच्याकडे बारसे, हे ऐकून ती मला कडकडून भेटलीच. पावणेदोनशे वर्षांत भाषा गेली, सटवाई राहिली.

डिसेंबरच्या मध्यावर लेक म्हणाली, “आई, आणखी दीड महिना राहा ना.” तिची बाजू खरी होती. पोर रात्रभर जागत असे, जावयांच्या परीक्षा सुरू होत्या. मी विनंतीपत्र लिहिले, जावयांनी आपले पत्र जोडले, तिकिटाची तारीख पुढे सरकविण्याचे दर विचारले. सारे कागद एका पाकिटात घालून ठेविले.

त्याच आठवड्यात फोनवर यांचा आवाज मला निराळा वाटला. साडेनऊ तासांचे अंतर. तेथे सकाळ तेव्हा येथे संध्याकाळ. खोदून विचारले तेव्हा समजले की सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, हाड मोडले नाही, पण दहा दिवस अंथरुणावर आहेत. मला सांगायचे नाही, अशी त्यांनीच शपथ घातलेली. “तेथे बाळंतीण आहे,” म्हणे.

ती रात्र मी पाळण्याची दोरी हातात घेऊन काढली. सकाळी पाकीट लेकीच्या टेबलावर ठेविले आणि म्हटले, हा अर्ज मी देत नाही. ती रडली. दुपारी तिनेच कागद व पेन्सिल घेतली, आणि उरलेल्या दिवसांत तिला काय काय शिकवावयाचे, ह्याची यादी आम्ही दोघींनी केली : बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणे, धुरी देणे, गुटी उगाळणे. ह्यांपैकी गुटी तिच्या डॉक्टरांनी साफ नाकारली. धुरीलाही त्यांनी मान हलविली, तेव्हा तीही सोडली.

१३ जानेवारीला निघाले. संक्रांतीच्या पहाटे बंगळूरच्या विमानतळावर पिवळा दाखला दाखवून बाहेर पडले. घरी पोचले तेव्हा सासूबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. पुढ्यात तिळगुळाची वाटी होती. त्यांनी नातीचे, पणतीचे सारे विचारून घेतले. मग हळूच म्हणाल्या,

“त्या शिक्क्याचे किती दिवस उरले होते गं?”

“चार,” मी सांगितले.

“मग वाया गेले की,” असे म्हणून त्यांनी वाटी माझ्यापुढे सरकविली.