वार बघून पाहायचं शहर
कोचीची दैनंदिनी : लेखांक दुसरा

गुरुवार

मागच्या लेखांकात पनवेलला नेत्रावती एक्स्प्रेसमध्ये चढलो होतो. रत्नागिरी संध्याकाळी आलं, मडगाव डोळे मिटण्याआधी आणि मंगळुरू पहाटेच्या चहाबरोबर. तिथून पुढे खिडकीबाहेर माड, नदी, माड, खाडी, पुन्हा माड. एर्नाकुळमला उतरलो तेव्हा दुपार कलली होती.

नव्या वाचकांसाठी मंडळींची ओळख पुन्हा एकदा. इतिहासाचे मास्तर, बँकेतून निवृत्त झालेला आमचा खजिनदार, आयुर्वेदाचा दवाखाना चालवणारी वैद्यबाई, माहेर अजून तोंडात असलेली अलिबागकर मैत्रीण आणि हा मजकूर लिहिणारा. कॉलेजपासूनची दोस्ती, त्यामुळे भांडणंही जुनीच आहेत.

मास्तरांनी गाडीतच वेळापत्रक वाचून दाखवलं. "शुक्रवारी राजवाडा बंद. सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतर बंद आणि शनिवारी पूर्ण बंद. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना."

"मग या गावात उघडं असतं तरी काय?" खजिनदारानं विचारलं.

"खानावळी," वैद्यबाई म्हणाली, आणि तेवढ्यावर एकमत झालं.

संध्याकाळी हायकोर्टाजवळच्या धक्क्यावरून वॉटर मेट्रोनं फोर्ट कोचीला निघालो. 2023 मध्ये सुरू झालेली ही देशातली पहिली जलमेट्रो. बोटी विजेवर चालतात आणि बांधल्या आहेत इथल्याच कोचीन शिपयार्डनं, ज्यानं 'विक्रांत' ही विमानवाहू नौका बांधली. मला कौतुक वाटलं ते धक्क्याचं. तो तरंगता आहे. भरती असो की ओहोटी, धक्का पाण्याबरोबर वरखाली होतो आणि बोटीची फळी त्याच्याशी कायम समपातळीत राहते. मांडव्याच्या लाँचमध्ये साडी सावरत उडी मारण्यात हयात घालवलेली अलिबागकर दोनदा वाकून ती फट बघून आली.

डावीकडे विलिंग्डन बेट लागलं. हे बेट देवानं केलेलं नाही. 1920 मध्ये आलेल्या रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनिअरनं बंदराच्या तोंडाशी आडवा पडलेला वाळूचा बांध फोडला, आत मोठ्या जहाजांना पुरेल इतकी खोली केली आणि उपसलेला गाळ टाकून त्याची जमीन केली. बंदराची जन्मकथाही अशीच पाण्याची. 1341 साली पेरियार नदीला मोठा पूर आला, उत्तरेचं मुझिरिस हे प्राचीन बंदर गाळानं भरलं आणि इकडे कोचीचं तोंड मोकळं झालं, असं सांगतात. मास्तर म्हणाले, "एका पुरानं एक गाव बुडवलं आणि दुसरं वसवलं." खजिनदार म्हणाला, "विमा होता का?"

किनाऱ्यावर चिनी जाळी. फोटोत ती नाजूक दिसतात, प्रत्यक्षात अवाढव्य. सागाच्या आणि बांबूच्या वाशांचा सांगाडा, पुढे पाण्यावर पसरलेलं जाळं, मागे दोरांना टांगलेले मोठमोठे दगड. सगळा खेळ तोलाचा आहे. एक माणूस वाशावरून पुढे चालत गेला की जाळं पाण्यात बुडतं. काही मिनिटं ठेवतात, मग चारपाच जण दोर ओढतात, दगड एकेक करून खाली येतात आणि जाळं वर. चीनच्या खलाशांनी आणली की पोर्तुगीजांनी मकाऊहून, यावर मास्तर पाऊण तास बोलले. तेवढ्या वेळात जाळं कितीदा तरी वर आलं. दरवेळी मूठभर बोयटं, एखादा खेकडा आणि बराचसा प्लास्टिकचा कचरा.

"पाच माणसांची मजुरी यात कशी निघते?" खजिनदारानं विचारलं. दोर ओढणाऱ्यांपैकी एक जण हसला आणि कॅमेरे घेऊन उभ्या असलेल्या पर्यटकांकडे त्यानं हनुवटीनं खूण केली. मग आम्हीही दोर ओढला आणि रीतसर बक्षिसी दिली.

शुक्रवार

राजवाडा बंद, म्हणून सकाळीच मट्टांचेरीच्या ज्यू टाऊनमध्ये. गल्लीत शिरण्याआधी वास येतो: मिरी, सुंठ, वेलदोडा, लवंग, जायपत्री. काळ्या मिरीचा वायदेबाजार याच भागात चालायचा. आता पुष्कळ वखारींत जुन्या वस्तूंची दुकानं आहेत आणि मसाला पर्यटकांसाठी पुड्यांत येतो. पण बझार रोडच्या मागच्या अंगाला अजून पोत्यांची चढउतार चालते. तिथं गेलं की लगेच शिंका येतात.

गल्लीच्या टोकाला परदेशी सिनेगॉग. चपला बाहेर काढून आत जायचं. 1568 साली कोचीच्या राजानं दिलेल्या जागेवर, राजवाड्याला आणि त्याच्या आवारातल्या देवीच्या देवळाला लागून ते उभं राहिलं. पोर्तुगीजांनी ते उद्ध्वस्त केलं, डचांच्या काळात पुन्हा बांधलं गेलं. खाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, हातानं रंगवलेल्या. वर बेल्जियमची काचेची झुंबरं. बाहेर 1760 चा घड्याळाचा मनोरा, त्याच्या तबकड्यांवर वेगवेगळ्या लिपींतले आकडे. 1968 मध्ये चारशे वर्षं झाली तेव्हा इंदिरा गांधी समारंभाला आल्या होत्या आणि टपाल खात्यानं तिकीट काढलं होतं. आज या गल्लीत ज्यू जवळपास उरलेले नाहीत. इस्रायल झाल्यानंतर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली.

इथं अलिबागकर गप्प उभी होती. तिच्या लहानपणी गल्लीत तेल्याचं घर होतं, शनिवारी घाणा बंद. शनवार तेली म्हणत त्यांना. मराठी बोलणारे, पुरणपोळी करणारे बेने इस्रायली. कोकणात शतकानुशतकं राहून त्यांना हिब्रू प्रार्थनांचा विसर पडला होता. त्या शिकवायला एकोणिसाव्या शतकात जे शिक्षक आले, त्यांतले कितीतरी या कोचीतून आले होते.

"म्हणजे आमच्या शेजाऱ्यांच्या प्रार्थना इथून आल्या," ती म्हणाली.

"आणि त्यांचा शनिवार?" वैद्यबाईनं विचारलं.

"तो त्यांचा त्यांनीच सांभाळला होता. घाण्यासकट."

दुपारी सिनेगॉगचं दार बंद झालं आणि आम्ही उन्हातून परत.

संध्याकाळी कथकळी. खेळ सहाला, पण पाचलाच जाऊन बसावं, कारण रंगकाम प्रेक्षकांसमोर चालतं. नट उताणा झोपलेला, दुसरा त्याच्या गालांवर तांदळाच्या पिठीनं कागदाची पांढरी कड बसवतोय. हिरवा चेहरा धीरोदात्त नायकाचा. डोळे लाल करायला पापणीखाली एक बारीक बी ठेवतात. वैद्यबाई थेट रंगपटाच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि ती कुठल्या झाडाची, जळजळते का, किती वेळानं काढतात, असे प्रश्न तिनं खुणांनी विचारले. नटानं बोलून उत्तर दिलं नाही. त्यानं फक्त भुवई उडवली, आणि उत्तर आम्हा सगळ्यांना कळलं.

मूळ खेळ रात्रभर चालतो. पर्यटकांसाठी तासा-दीड तासात आटपतात. दशावतार पहाटेपर्यंत पाहणाऱ्या अलिबागकरला हे रुचलं नाही. चेंडा या ढोलाचा आवाज मात्र खोलीवर परतल्यावरही कानात होता.

शनिवार

आज सिनेगॉग बंद, राजवाडा उघडा. त्याला 'डच पॅलेस' म्हणतात, पण तो 1555 मध्ये बांधला पोर्तुगीजांनी. कोचीच्या राजाला भेट म्हणून. डचांनी 1663 नंतर त्याची डागडुजी केली आणि नाव त्यांचं लागलं. "घर बांधणाऱ्याचं नाव जातं, रंग देणाऱ्याचं राहतं," खजिनदार म्हणाला. त्याच्या सोसायटीत नुकतंच रंगकाम झालंय.

बाहेरून अगदीच साधा, कौलारू, आपल्याकडच्या मोठ्या वाड्यासारखा. राजाच्या शेजघरात शिरलो आणि बोलणं थांबलं. भिंतीभर रामायण. दशरथाच्या पुत्रकामेष्टीपासून अयोध्येला परत येईपर्यंत. लाल, पिवळा, हिरवा, आणि एवढी गर्दी की रेषेला श्वास घ्यायला जागा नाही. खालच्या दालनात कृष्ण गोवर्धन उचलतोय, शेजारी सगळे हात-पाय वापरून तो गोपींना एकाच वेळी रिझवतोय. समोर शाळेची सहल होती. बाई मुलांना घाईनं पुढच्या चित्राकडे नेत होत्या.

मग वैद्यबाई जमिनीकडे बघायला लागली. काळा कुळकुळीत संगमरवर वाटतो, पण तो नारळाच्या करवंट्यांचा कोळसा, चुना, वनस्पतींचे रस आणि अंड्याचा पांढरा बलक यांचा गिलावा आहे. "लेप आहे हा," ती म्हणाली, "फक्त रोगी मोठा होता."

दुपारनंतर चेरळाईला तिरुमल देवस्वम, गौड सारस्वतांचं देऊळ. पुरुषांनी अंगरखा काढून आत जायचं. खजिनदारानं पोट आत घेण्याचा प्रयत्न केला, तो निष्फळ ठरला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मांतरांच्या धाकानं गोवा सोडून निघालेली कुटुंबं किनाऱ्यानं दक्षिणेकडे सरकत इथवर आली. राजानं त्यांनाही थारा दिला. बाहेर फुलं विकणाऱ्या आजींनी आमचं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "तुम्मी खंयचे?"

चेहरा केरळचा, हेल मल्याळमचा, शब्द आमच्या ओळखीचे. अलिबागकरनं मराठीत उत्तर दिलं, त्यांनी कोंकणीत पुढचं विचारलं, आणि अर्धा तास दोघींचं कुठेही अडलं नाही. त्यांचं कुलदैवत गोव्यात आहे. घरातून एकच जण दर्शनाला जाऊन आलाय, तोही रेल्वे झाल्यावर.

वैद्यबाईला इथं यायचं होतं ते वेगळ्याच कारणासाठी. डचांचा इथला गव्हर्नर व्हान ऱ्हीड यानं मलबारातल्या वनस्पतींचा ग्रंथ करवून घेतला, 'हॉर्टस मलबारिकस'. 1678 ते 1693 या काळात त्याचे बारा खंड ॲमस्टरडॅमला छापले गेले. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युदन हा मल्याळी वैद्य होता आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्य. या तिघांनी 1675 मध्ये आपल्या साक्षीचा दाखला कोंकणीत लिहून दिला, तो देवनागरी अक्षरांत पहिल्या खंडात छापला आहे. शिवराज्याभिषेकाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. आपल्याकडे देवनागरी छापखाना यायला अजून शंभरावर वर्षं होती आणि तीच अक्षरं ॲमस्टरडॅममध्ये कागदावर उतरत होती.

"दवाखान्यात लावीन त्या पानाची प्रत," ती म्हणाली. "रोग्यांना वाटेल डिग्री आहे."

रविवार

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये प्रार्थना संपेपर्यंत बाहेर पर्जन्यवृक्षांखाली थांबलो. आत गेल्यावर पहिली नजर वर जाते. छताला कापडी पंख्यांची रांग आहे, दोरी भिंतीबाहेर नेलेली. साहेबाला वारा मिळावा म्हणून बाहेर उन्हात बसून कोणीतरी ती ओढत असे. खाली कठड्यात एक दगड. वास्को द गामा 1524 च्या नाताळाच्या आदल्या दिवशी कोचीत मेला, त्याला इथं पुरलं. 1539 मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले. चर्चही एका पंथाचं राहिलं नाही. पोर्तुगीजांचं कॅथलिक, डचांचं प्रोटेस्टंट, इंग्रजांचं अँग्लिकन आणि आता चर्च ऑफ साऊथ इंडियाचं.

दुपारी मोटारी वाहून नेणाऱ्या फेरीबोटीनं वायपीनला जेवायला. केळीच्या पानात भाजलेला करीमीन, म्हणजे मालवणातला कालुंदर. उकड्या तांदळाचा लाल भात. कालवणाला आंबटपणा कुडंपुळीचा. कोकमाचंच भावंड, फक्त धुरावर सुकवून काळं केलेलं. वैद्यबाईनं ते ताटात बाजूला काढून हुंगलं, चाखलं, पिशवीत किती घ्यायचं ते ठरवलं.

जेवणानंतर वाद पेटला. खजिनदाराचं म्हणणं, या गावात बघितलेलं काहीच गावाचं नाही. जाळी चिनी, फरशा चिनी, झुंबरं बेल्जियमची, राजवाडा पोर्तुगीज, देऊळ गोव्याचं.

मास्तर म्हणाले, "मग गावाचं काय?"

"मिरी."

"आणि ती घ्यायलाच हे सगळे आले. मिरी विकून जे गाव श्रीमंत झालं, त्याला गिऱ्हाईक तोडून चालणार होतं का? राजानं जागा दिल्या त्या काही भोळेपणानं नाही दिल्या. ज्यूंना व्यापार कळत होता, सारस्वतांना हिशेब कळत होता."

अलिबागकरला हे पुरतं पटलं नाही. "व्यापारासाठी जागा दिली, मान्य. पण शुक्रवारी एकाचं दार बंद, शनिवारी दुसऱ्याचं, रविवारी तिसऱ्याचं, आणि बाजार रोज चालू. एवढं सांभाळायला नुसता हिशेब पुरत नाही. शेजाऱ्याचा वार पाठ असावा लागतो."

यावर मास्तरांकडेही उत्तर नव्हतं, ही या सहलीतली ऐतिहासिक घटना. खजिनदारानं वहीत करीमीनचे पैसे लिहिले आणि पानावर वर तारखेऐवजी फक्त 'रविवार' घातलं.

उद्या सकाळी सरकारी बसनं अलप्पुळा. तिथल्या कालव्यात नाव किती तासांची घ्यायची, यावर मतदान अजून बाकी आहे.

(क्रमशः)