उघडणारा लॅपटॉप

लॅपटॉपच्या पोटात निरनिराळ्या आयुष्याचे भाग एकत्र नांदतात. लिथियम-आयन बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद उतरू लागते; रोजच्या वापरात ही वेळ तीन-चार वर्षांत येते. पंख्यात धूळ साचते, बिजागरी सैल पडते, चार्जरची पिन ज्या खाचेत जाते ती खाच झिजते. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि पडदा मात्र नीट सांभाळले तर दहा-बारा वर्षे साथ देतात. हे भाग वेगवेगळे काढता-घालता येत असतील, तर जो भाग थकला तो जातो आणि बाकीचे यंत्र चालत राहते. ते एकमेकांना डकवलेले असतील, तर सर्वांत अल्पायुषी भागाचे वय हेच साऱ्या यंत्राचे वय ठरते. दुरुस्त होणारा आणि वाढवता येणारा लॅपटॉप लोक का निवडतात, त्याचे मूळ या साध्या हिशेबात आहे.

हा हिशेब गोखिवऱ्याला नवा नाही. वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या दिशेने गेले की हे गाव लागते. वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात लहान कारखान्यांचे गाळे दाटीने उभे आहेत. गाळ्यातल्या लेथचे बेअरिंग वाजू लागले की बेअरिंग बदलतात, पट्टा तुटला की पट्टा चढवतात. एका बेअरिंगसाठी लेथ भंगारात जात नाही. घरातली रीतही हीच होती. पितळेच्या पातेल्याला कल्हई, गळक्या घागरीला डाग, गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी आणि विरलेल्या लुगड्यांची गोधडी, अशा रीतीने वस्तूंचे आयुष्य पिढ्यान्‌पिढ्या वाढवले गेले. लॅपटॉप घरात आला तेव्हा तोही उघडता येईल, ही अपेक्षा त्याच्याबरोबरच आली.

सुरुवातीला ती अपेक्षा पुरीही होत असे. आयबीएमने १९९२ मध्ये थिंकपॅड बाजारात आणला आणि २००५ मध्ये हा व्यवसाय लेनोवोकडे गेला. त्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपना तळाशी झाकणे असत. दोन स्क्रू काढले की रॅम दिसे, आणखी एक काढला की हार्डडिस्क बाहेर येई, आणि खिट्टी सरकवली की बॅटरी हातात येई. २००८ च्या जानेवारीत ॲपलने मॅकबुक एअर दाखवला तो कागदी पाकिटातून काढून. त्याची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली होती. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये बॅटरीही गोंदाने चिकटवलेली आली. पुढे इतर कंपन्यांचे पातळ लॅपटॉप त्याच वाटेने गेले. यामागे खरी कारणेही आहेत. खाच नसली की जाडी कमी होते, रॅम प्रोसेसरच्या जवळ बसवता येते, त्यामुळे ती कमी विजेत अधिक वेगाने चालते. पण त्याबरोबर पुढच्या पाच-सात वर्षांचा निर्णय खरेदीच्या दिवशीच करावा लागतो.

गाळ्यांच्या पट्ट्यातल्या घराला नेमके तेच अवघड असते. पगार महिन्याचा आणि जास्तीचा पैसा दिवाळीच्या बोनसचा. अशा घरात पहिला लॅपटॉप बहुधा मुलांच्या शिक्षणासाठी येतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, शाळा पडद्यावर भरू लागली, आणि एका मोबाईलवर दोन मुलांचे वर्ग चालेनात तेव्हा ही गरज अनेक घरांत एकदमच उभी राहिली. आलेला लॅपटॉप पुष्कळदा नवा नसतो. मोठ्या कंपन्यांची कार्यालये तीन-चार वर्षांनी, वॉरंटी संपत आली की, जुने लॅपटॉप लॉटने विकून टाकतात. ते व्यापाऱ्यांमार्फत मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात पोहोचतात. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही या बाजारातली नेहमीची नावे. ही यंत्रे मुळात कार्यालयांसाठी बनलेली असल्याने ती उघडून दुरुस्त करण्याची सोय आधीच ठेवलेली असते. कोणता स्क्रू आधी काढायचा आणि कोणती पट्टी नंतर, हे चित्रांसह सांगणारी त्यांची सर्व्हिस मॅन्युअल कंपन्यांनी सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. जाणता गिऱ्हाईक आधी बिजागरी हलवून पाहतो, मग प्रत्येक कळ दाबतो, बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता यांचा अहवाल काढतो आणि शेवटी विचारतो, रॅमचे स्लॉट किती, आणि त्यातला मोकळा किती.

मोकळा स्लॉट ही घराची शिल्लक असते. अकरावीतल्या मुलीला टिपणे काढायला चार जीबी रॅम पुरते. तीच मुलगी डिप्लोमाला जाऊन आराखड्यांची सॉफ्टवेअर वापरू लागली की यंत्र अडखळते. तेव्हा रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी एक पट्टी बसवली जाते आणि यंत्र पुन्हा कामाला लागते. आधीची पट्टी वाया जात नाही आणि खर्चही गरज पडेल तेव्हाच होतो. एकच जपायचे असते, जुन्या यंत्राला डीडीआर-३ लागते की डीडीआर-४, हे पाहून घ्यावे लागते, कारण दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात.

दुसरा मोठा बदल साठवणुकीचा. ‘लॅपटॉप स्लो झाला’ ही तक्रार दुकानात सर्वांत जास्त ऐकू येते, आणि जुन्या यंत्रांत तिचे कारण बहुधा हार्डडिस्क असते. लॅपटॉपच्या हार्डडिस्कमधली तबकडी मिनिटाला सहसा ५४०० फेरे घेते. हवी ती माहिती शोधण्यासाठी सुई त्या जागी सरकावी लागते आणि तबकडी फिरून तिच्याखाली यावी लागते. यात दर वेळी सेकंदाचा शंभरावा हिस्सा किंवा त्याहून अधिक वेळ जातो. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, म्हणून तेच काम तिथे शंभरपट लवकर होते. प्रोसेसर तोच, बोर्ड तोच, पण डिस्कच्या जागी एसएसडी टाकली की सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेणारे यंत्र अर्ध्या मिनिटात उभे राहते. ज्याला म्हातारे समजून टाकून द्यायचे ठरले होते, ते यंत्र पुढची चार वर्षे काढते.

काढता येणाऱ्या साठवणुकीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो वेगाहून मोलाचा आहे. बोर्ड अचानक गेला तरी डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घातली की आतले सारे दुसऱ्या संगणकावर वाचता येते. लग्नाचे फोटो, सातबाऱ्याच्या प्रती, मुलांची प्रमाणपत्रे, आजीचा रेकॉर्ड केलेला आवाज या गोष्टी यंत्राच्या किमतीत मोजता येत नाहीत. साठवणूक बोर्डावरच सोल्डर केलेली असली आणि दुसरीकडे प्रत ठेवलेली नसली, तर बोर्डाबरोबर त्याही बहुधा जातात.

वसईचा पाऊस या यंत्रांची वेगळी परीक्षा घेतो. दमट, खारट हवेत तांब्याच्या जोडांवर थर चढतो आणि एखाद्या दिवशी लॅपटॉपचा पडदा काळाच राहतो. कारागीर रॅमची पट्टी काढतो, तिच्या सोनेरी टोकांवर शाळेतले खोडरबर हलकेच फिरवतो, पट्टी परत बसवतो आणि पडदा उजळतो. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरारचा मोठा भाग पाण्यात होता, वीज बंद होती, लोकल थांबल्या होत्या. लॅपटॉपमध्ये पाणी गेले की खरे नुकसान करते ती ओल्या बोर्डातून वाहणारी वीज. तिच्यामुळे तांब्याच्या बारीक रेषा काही तासांत खाल्ल्या जातात. म्हणून पहिले काम बॅटरी तोडण्याचे. खिट्टीची किंवा स्क्रूची बॅटरी काही मिनिटांत सुटी होते, मग बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन सुकवला की वाचण्याची आशा राहते.

बॅटरीचे एरवीचे म्हातारपणही असेच हाताळावे लागते. जुन्या बॅटऱ्यांत १८६५० आकाराच्या दंडगोल पेशी असत. आताच्या बॅटऱ्यांत चपट्या पिशव्यांसारख्या पेशी असतात. त्या थकल्या की कधी फुगतात आणि टचपॅडला खालून वर ढकलतात. अशी बॅटरी स्क्रूवर असली तर सहज निघते. गोंदाने चिकटवलेली असली तर ती खरवडून काढावी लागते, आणि पेशीला भोक पडले तर आग लागू शकते. बॅटरीला गोंद की स्क्रू, यावर कारागिराच्या हातांची सुरक्षितताही ठरते.

दुरुस्तीच्या या वाटेला मर्यादा आहेत. पूर्वी अनेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसरही खाचेत बसे. इंटेलच्या पाचव्या पिढीपासून, म्हणजे २०१४-१५ पासून, तो बोर्डाला कायमचा जोडलेला येतो. शिवाय यंत्र धडधाकट असूनही सॉफ्टवेअर त्याला म्हातारे ठरवू शकते. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने ठरावीक पिढीपुढचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय सक्तीची केली. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अटीत न बसणाऱ्या यंत्रांवर अनेक जण लिनक्स घालतात. त्यावर देवनागरी टंकन, ब्राउझर, कार्यालयीन कामे सारे चालते, आणि मुलीचा लॅपटॉप धाकट्या भावाकडे किंवा गाळ्याच्या हिशेबाच्या टेबलावर जाऊन पुन्हा रुजू होतो.

बोर्डाचाही प्रश्न सोडवण्याचा एक प्रयत्न २०२१ मध्ये बाजारात आला. निरव पटेल यांनी सॅन फ्रान्सिस्कोत स्थापलेल्या फ्रेमवर्क या कंपनीने आपल्या लॅपटॉपबरोबर स्क्रूड्रायव्हर दिला आणि आतल्या भागांवर क्यूआर कोड छापले. तो स्कॅन केला की त्या भागाची माहिती आणि बदलण्याची कृती समोर येते. पुढच्याच वर्षी कंपनीने नव्या पिढीच्या प्रोसेसरचा बोर्ड सुटा विकायला काढला. जुने अंग, पडदा, कळफलक तसेच ठेवून आतला बोर्ड तेवढा नवा घालता येतो, आणि उतरवलेला बोर्ड स्वतंत्र लहान संगणक म्हणून चालतो. पातळपणा आणि दुरुस्ती एकाच यंत्रात नांदू शकतात, हे यातून दिसले.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दहापैकी दुरुस्तीचे गुण छापणे सक्तीचे झाले. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. या हक्काचा गाभा तीन मागण्यांत मावतो: सुटे भाग मिळावेत, मॅन्युअल मिळावे, आणि बाहेरच्या कारागिराकडे नेल्याबद्दल ग्राहकाला शिक्षा होऊ नये. गल्लीतला कारागीर आपले कसब टिकवू शकतो तो या तीन गोष्टींवरच.

शेवट प्रत्येक यंत्राला आहेच. २०२२ मध्ये जगात सुमारे ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद २२.३ टक्क्यांचीच आहे. लॅपटॉपच्या साऱ्या आयुष्यात जे प्रदूषण होते, त्यातला मोठा वाटा तो कारखान्यात बनतानाच झालेला असतो; म्हणून चार वर्षांचा लॅपटॉप आठ वर्षे चालवणे हे त्या कचऱ्यावरचे सर्वांत सरळ औषध. वसई-विरार महापालिकेची कचराभूमी गोखिवऱ्यातच, भोयदापाड्याला आहे. शहर जे टाकून देते ते कुठे साचते, हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

उघडणारा लॅपटॉप त्या ढिगाऱ्याकडे एकाएकी जात नाही. बोर्ड कायमचा गेला की त्याची रॅम दुसऱ्याच्या मोकळ्या स्लॉटमध्ये जाते, पडदा कोणाच्या तरी तडकलेल्या पडद्याच्या जागी बसतो, कळफलकाच्या दोन-चार कळा तिसऱ्याला मिळतात आणि स्क्रू कारागिराच्या डबीत पडतात. उरतात तो बोर्ड आणि थकलेली बॅटरी. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांनुसार अशा बोर्डाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बॅटरीसाठी त्याच धर्तीचे वेगळे नियम आहेत. घराला एवढेच करायचे असते, की या दोन्ही वस्तू ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता नोंदणीकृत संकलकाकडे पोहोचवायच्या.