धुके, तीन ऑटोपायलट आणि वैमानिकाचे हात

१० जून १९६५. पॅरिसहून निघालेले ब्रिटिश युरोपियन एअरवेजचे ‘ट्रायडंट’ विमान प्रवाशांसह लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरले. अखेरच्या क्षणी त्याचे नाक किंचित उचलून चाके धावपट्टीला टेकवण्याचे काम यंत्राने केले. दिशा मात्र त्या दिवशी माणसाच्याच हाती होती. हा तपशील बहुधा गाळला जातो.

मित्रहो, मला या कथेत यंत्राहून अधिक कुतूहल वाटते ते वैमानिकाच्या हातांचे. धावपट्टी दिसली नाही तर उतरायचे नाही, विमान पुन्हा वर न्यायचे, हा धडा त्याने उमेदवारीपासून गिरवलेला. आता त्यालाच सांगितले जात होते, की बाहेर पांढऱ्या भिंतीशिवाय काही नसले तरी हात आवरून धर.

हा विश्वास सहजासहजी आला नाही. लंडनच्या हिवाळी धुक्यावर तोड काढण्यासाठी ब्रिटनने १९४५ मध्येच ‘ब्लाइंड लँडिंग एक्सपेरिमेंटल युनिट’ उभारले होते. ट्रायडंटमध्ये एकाऐवजी तीन ऑटोपायलट जोडीने चालत. एकाचे मत इतर दोघांपासून ढळले, की बहुमताने तो बाजूला सारला जाई. (पंचायतीचा न्याय, तोही सेकंदाच्या अंशात!) प्राणघातक चूक एक कोटी अवतरणांत एकाहून अधिक वेळा होऊ नये, असे उद्दिष्ट होते. म्हणून निरभ्र दिवशीही यंत्राकडून विमान उतरवून घेत आणि नोंदी ठेवत. वैमानिकाची भीतीही, मला वाटते, अशा लख्ख उन्हातल्या सरावानेच विरत गेली असावी.

इंग्लंडमधील डक्सफर्डच्या संग्रहालयात एक ट्रायडंट जपून ठेवले आहे. त्याचे पुढचे चाक मध्यरेषेवर नसून एका बाजूला आहे. प्रथम पाहताना मला ती चूकच वाटली. पण या विमानांतील मला सर्वाधिक भावलेली वस्तू अगदी साधी आहे: वैमानिकाच्या समोर, नजरेच्या कडेला फिरणारा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दांडा. पट्टे ज्या बाजूला सरकत, त्या बाजूला विमान वळवायचे. धुक्यात धावपट्टीवर धावताना मध्यरेषा राखण्याचा तो आधार होता.

धावपट्टी सोडली, की मात्र हा आधारही सुटे. ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने अचूक टेकलेले विमान मग पावलापावलाने, दिव्यांमागून दिवे शोधत, आपल्या थांब्याकडे सरकू लागे. तेथे मात्र तीन ऑटोपायलटांपैकी एकाचाही उपयोग नव्हता.