दोन बिस्किटे

१९७२ साली सोलापूर जिल्ह्यात भीषण दुष्काळ पडला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी हे आमचे नित्याचे जेवण. त्या वर्षी तेही मोजून वाढले जाई. अशातच माझी धाकटी बहीण तापाने अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी तिला दूध-बिस्किटे द्यायला सांगितले. त्या काळी आमच्या घरी बिस्कीट हे आजाऱ्याचेच खाणे समजत. आजी तर त्याला शिवतही नसे.

वडिलांनी गिरणीतून येताना एक पुडा आणला. मेणकागदाचे ते वेष्टन, त्यावरील पिवळे-पांढरे पट्टे आणि गुटगुटीत बालकाचे चित्र मी कितीतरी वेळ न्याहाळत बसलो. आईने पुडा फळीवर ठेवला. दुपारी घरात सामसूम झाल्यावर मी त्यातील दोन बिस्किटे काढून खाल्ली. बहीण झोपली आहे, अशी माझी समजूत होती. सायंकाळी आईने बिस्किटे मोजली आणि तिची दृष्टी माझ्याकडे वळली. माझी छाती धडधडू लागली. इतक्यात अंथरुणातून क्षीण आवाज आला, "आई, मीच खाल्ली गं." मी मान खाली घातली.

दोन वर्षांनी मी मामांकडे मुंबईला गेलो. ते विलेपार्ल्यात राहत. लोकल पार्ल्याजवळ येताच डब्यात गोड, खमंग वास दरवळला. "ओळख पाहू, कशाचा?" मामांनी विचारले. मला लगेच ओळखू आला. परंतु उत्तर देताना जीभ अडखळली. स्थानकाजवळच तो बिस्किटांचा कारखाना होता. मामांनी मोठ्या कौतुकाने त्याची हकीकत सांगितली. पुढे मी ती वाचलीही.

मोहनलाल दयाळ चौहान हे मूळचे गुजरातचे. मुंबईत त्यांनी आधी शिवणकामाचा धंदा केला. मिठाईचा कारखाना काढायचे मनात येताच ते थेट जर्मनीला गेले, तेथे गोळ्या करण्याची विद्या शिकले आणि परतताना साठ हजार रुपयांची यंत्रे घेऊन आले. १९२९ साली पार्ल्यात कारखाना सुरू झाला. कामाला अवघी बारा माणसे! घरचीच मंडळी यंत्रे सांभाळीत, हिशेब पाहत आणि गोळ्याही बनवीत. या गडबडीत कारखान्याला नाव द्यायचेच राहून गेले व अखेर गावाचेच नाव त्याला चिकटले, असे सांगतात. खरेखोटे ते जाणोत. मला मात्र ही गोष्ट फार आवडते.

आरंभी तेथे संत्र्याच्या गोळ्या होत. बिस्किटे १९३९ साली सुरू झाली. तोवर बिस्कीट म्हणजे साहेबांच्या व श्रीमंतांच्या टेबलावरील महाग वस्तू. चौहानांनी ती सामान्य माणसाच्या हाती दिली. १९४७ साली देशाची फाळणी झाली, गव्हाचा बराच मुलूख पलीकडे गेला आणि गव्हाची टंचाई पडली. तेव्हा कारखान्याने ग्लुको बिस्किटे काही काळ थांबवली व गहू मिळेपर्यंत लोकांनी जवाची बिस्किटे घ्यावीत, अशी जाहिरात दिली. दुष्काळ पाहिलेल्या माझ्या मनाला हा प्रसंग विशेष भिडला.

पुढे १९८० नंतर 'ग्लुको'चे 'पार्ले-जी' झाले. जगात सर्वांत अधिक खपणारे बिस्कीट म्हणून २०११ साली त्याचे नाव गाजले. परंतु पार्ल्याचा तो मूळ कारखाना २०१६ साली बंद झाला. बिस्किटे आता इतरत्र होतात.

त्यानंतर एकदा मी बहिणीबरोबर लोकलने चाललो होतो. ती आता मुंबईतच असते. तिला नातवंडे आहेत. पार्ले जवळ येताच मी नकळत दीर्घ श्वास घेतला. वास नव्हता. तिने माझ्याकडे पाहिले, पिशवीतून पुडा काढला, त्यातील दोन बिस्किटे मोजून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "घे दादा. आज आई मोजायला नाही."