पंक्तीचा धर्म : बुलढाण्याच्या घाटावर

प्रवासानें मनुष्य बहुश्रुत होतो, असें आपण म्हणतों. परंतु पुष्कळ प्रवासी देवळें पाहतात, किल्ले पाहतात आणि पुढ्यांतलें पान मात्र न पाहतां उठतात. एखाद्या प्रांताची खरी ओळख त्याच्या देवळांइतकीच त्याच्या पंक्तींत होते. गेल्या पावसाळ्यांत बुलढाणा जिल्ह्यांत आठ दिवस फिरण्याचा योग आला. त्या फिरण्यांत जेवणाच्या रीतींविषयीं जें पाहिलें व जें सुचलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

या जिल्ह्याचे तेथील लोक दोन भाग करतात : घाटाखालचा आणि घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, शेगांव, खामगांव हा पूर्णेच्या खोऱ्यांतला काळ्या मातीचा, कपाशीचा मुलूख घाटाखालीं. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. मध्यें अजिंठ्याची डोंगररांग. या डोंगराच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस पूर्णेंतून तापीला मिळून पश्चिम समुद्रास जातो. दक्षिणेकडे पडलेला पैनगंगेतून वर्धा व प्राणहिता यांच्या वाटेनें गोदावरीस आणि तेथून पूर्व समुद्रास. दोन्ही समुद्र दूरच. तरीही आठवड्याच्या बाजारांत सुकट व झिंगे विकावयास येतात, आणि पावसाळ्यांत ओढ्यांतले खेकडे घरोघर शिजतात.

प्रवासाचा आरंभ शेगांवीं झाला. या गांवाच्या कीर्तीचा उगमच एका पानापाशीं आहे. १८७८ सालीं, माघ वद्य सप्तमीस, पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींतलीं शितें वेंचून खातांना गजानन महाराज प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले, अशी कथा आहे. १९१० सालीं त्यांनीं समाधि घेतली. आज तेथें महाप्रसादाच्या पंक्तींत कोणाची जात विचारली जात नाहीं, कीं कोणाचें गांव. ज्यानें जगानें टाकलेलें अन्न उचललें, त्याच्या दारीं कोणाच्याही अन्नास नाक मुरडणें शोभत नाहीं, हा विचार तेथून निघतांना मनांत घर करून राहिला.

खामगांवाहून बुलढाण्यास जाणारा रस्ता बोथ्याच्या घाटानें, ज्ञानगंगा अभयारण्यांतून चढतो. घाट चढून गेल्यावर एका लहान गांवीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे मुक्काम होता. तो आतां घरचा कर्ता शेतकरी आहे. संध्याकाळीं त्याचीं मुलें ओढ्यावरून भिजत परतलीं, तीं खेकड्यांची टोपली घेऊनच. आम्हांस पाहतांच गृहस्थ ओशाळला. “गुरुजी, तुमाले हे चालनार नाहीं. आमी मांगच्या पडवीत बसतो, तुमचं पान इथं मांडतो,” असें तो म्हणाला. त्याची वृद्ध आई कांहीं न बोलतां भगुणें उचलून मागें नेऊं लागली.

आपल्याच घरांत त्या माउलीनें आपलें अन्न लपवावें, आणि तें आमच्या पायीं, ही गोष्ट फार बोंचली. आम्हीं म्हटलें, “पानें एका ओळींत मांडा. आम्हांला भाकरी, पिठलें आणि ठेचा द्या. तुमचें तुम्ही जेवा.” आजी म्हणाल्या, “वास येईन नं जी!” आम्हीं म्हटलें, “आजी, पहिल्या पावसांत मातीलाही वास येतो. तिला कोणी घराबाहेर काढीत नाहीं.” त्या हंसल्या, आणि भगुणें परत चुलीपाशीं आलें.

मग जें पाहिलें, तें एखाद्या जुन्या वैदिक पंक्तीइतकें नियमबद्ध होतें. पोटाखालीं पिल्लें असलेल्या खेकडीणी आजींनीं आधींच वेगळ्या काढून ओढ्याकडे परत पाठविल्या होत्या. बारीक पाय पाट्यावर वाटून, गाळून त्यांचा रस कालवणांत घातला होता. मोठ्या नांग्या वरवंट्यानें हलक्या हातानें फोडून प्रथम लहान मुलांच्या ताटांत गेल्या, मग शेजारून आलेल्या पाहुण्यांच्या, शेवटीं घरच्यांच्या. कवचें ठेवण्यास मध्यें पळसाचें पान होतें. जमिनीवर टाकणें निषिद्ध. पाय चोखतांना आवाज झाला तरी तो दोष नव्हे. पण दुसऱ्याच्या ताटाकडे पाहणें हा मात्र मोठा दोष. पाण्याचा तांब्या डाव्या हातानेंच उचलावयाचा. सर्वांत धाकट्या मुलाची शेवटची नांगी कोरून होईपर्यंत कोणी उठावयाचें नाहीं. जेवणानंतर डाळीचें पीठ व लिंबाची फोड हातांस लावून हात धुवावयाचे.

हें पाहत असतां आपल्याच पानाची आठवण झाली. डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, आपोशन, चित्राहुति, यजमानांचें “सावकाश होऊं द्या”, आणि सर्वांचें झाल्याशिवाय न उठणें. आमटींतली शेवग्याची शेंग आपण दांतांनीं ओढून चोखतों आणि चोथा पानाच्या कडेस ठेवतों. सीताफळाच्या बिया काढतों. वऱ्हाडांत गोवऱ्यांच्या आंचेवर भाजलेला रोडगा राख झाडून हातानेंच फोडावा लागतो, आणि मग तूप व वरण घालून कुस्करावा लागतो. ज्या अन्नास कवच आहे, तें हातानें फोडल्याशिवाय मिळत नाहीं. पदार्थ निराळे, रीत एकच.

आपल्या ग्रंथांसही हीं अन्नें अपरिचित नाहींत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत शंख, शुक्ति, शंबूक यांस कोशस्थ म्हटलें असून खेकड्याची गणना कांसव व मगर यांच्याबरोबर पादिन वर्गांत केली आहे; काळा खेकडा बल्य व वातहर सांगितला आहे. ज्या कर्कसंक्रांतीपासून आपलें पंचांग दक्षिणायन मोजतें, ती आषाढाच्या सुमारास, म्हणजे ओढ्यांत खेकडे बाहेर पडण्याच्या दिवसांतच येते. पंचतंत्रांतल्या कपटी बगळ्याचा गळा कापणारा कुलीर तर मुलांसही ठाऊक आहे.

घाटावरून दृष्टि दूर टाकली तरी हाच धर्म दिसतो. कोंकणांत व गोमंतकांत आमच्या सारस्वत बंधूंच्या पानांत तिसऱ्या असतात. रिकाम्या शिंपल्यानें रस उचलून पिणें तेथें अशिष्ट मानीत नाहींत. चीनमध्यें शरदांत खेकडा खातात तो आलें घातलेल्या शिरक्याबरोबर, कारण त्यांच्या वैद्यकांत तो शीत गुणाचा मानलेला आहे. तो कोरण्यास आठ लहान हत्यारांचा संचही तेथें आहे. जपानांत विवाहप्रसंगीं शिंपल्यांचें सार वाढतात. एका शिंपल्याचीं दोन दळें परस्परांशींच जुळतात, दुसऱ्या कोणाशीं जुळत नाहींत, हा त्यांतला संकेत. सिंगापुरांत तिखट रश्शांतला खेकडा श्रीमंत मनुष्यही बाह्या सारून हातानेंच खातो आणि उरलेला रस्सा पावाच्या तुकड्यानें टिपतो. हातानें खाणें हें अशिष्टपणाचें लक्षण मानणाऱ्या आमच्या कांहीं सुशिक्षित तरुणांनीं हें ध्यानांत ठेवावें.

शाकाहारी पाहुण्याचा शिष्टाचार मात्र कोणत्याही पुस्तकांत फारसा सांगितलेला नाहीं, म्हणून येथें लिहितों. आपणांस काय चालत नाहीं, तें पान मांडण्यापूर्वीं, एकदांच आणि हंसतमुखानें सांगावें. मग त्या विषयावर बोलूं नये. प्रवचन तर मुळींच करूं नये. नाकाला पंचा लावूं नये. दुसऱ्याच्या ताटांतल्या पदार्थाचें नांव विचारावयाचें तर जिज्ञासेनें विचारावें, किळसेनें नव्हे. यजमानानेंही पाहुण्याची पळी व भांडें वेगळें ठेवावें. आग्रह करूं नये. आणि चुकूनही आपल्या अन्नाची क्षमा मागूं नये.

हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. आपल्या देशांत पानें एकमेकांपासून दूर मांडण्याचें शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या फार बारकाईनें शिकविलें गेलें. त्यामुळें अनेक घरांतल्या गृहिणींना आपली चूल पाहुण्यापुढें झांकावी लागली. काय खावें हें ज्याच्या त्याच्या कुलाचारानें, प्रकृतीनें व मनानें ठरवावें. परंतु पंक्तीचा धर्म वेगळा आहे : आपल्या शेजारीं बसून जेवणाऱ्यास स्वतःच्या घांसाची लाज वाटूं नये, एवढ्यासाठींच तो आहे. बाकीचे सर्व नियम त्याच्या मागून येतात.