आधी दोर सोड

मालवणला मामाची छोटी फायबरची होडी आहे. मागे इंजिन, पुढे सळ्या वाकवून केलेला चार दात्यांचा नांगर. मागच्या डिसेंबरात गळ टाकायला गेलो, तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच्या खडपांकडे चल, हा हट्ट माझा. तिथे मोठा मासा लागतो असं मी रील्समध्ये बघितलं होतं.

लागलं काहीच नाही. निघताना नांगरही वर येईना. पाच वाव पाण्यात खडकाच्या फटीत एक दाता बसला होता.

मामा पुढे काही करत होता, तोवर मी डोकं लढवलं. दोर मागे आणून इंजिनाजवळच्या कडीला बांधला आणि इंजिन दिलं. गाडी टोचन करतात ना, तसं.

होडीचं मागचं अंग खसकन खाली बसलं. तिथे आधीच इंजिनाचं वजन, कठडाही ठेंगणा. मागून आलेली लाट सरळ आत. घोट्यापर्यंत पाणी. लाइफ जॅकेट कुठे होती? पायाशी, तरंगत.

"मेल्या, आधी दोर सोड!"

मामाने इंजिन बंद केलं. दोर इतका ताठला होता की मला गाठ सुटेना, ती त्यानेच सोडवली. मग आम्ही जॅकेट घातली आणि अर्धा तास डब्याने पाणी उपसलं. तो काही बोलला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मग त्याने दोर नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून घेतला. लाटा झेलायला होडीचं तेच अंग बनवलेलं असतं. नांगराच्या बरोब्बर वर येईपर्यंत दोर आखडला आणि खुंटीला वेढे दिले. मी दोर हाताला गुंडाळून ओढायला गेलो, तर हातावर फटका बसला.

"लाट उचलतली. तू कित्याक जोर लावतंस?"

लाटेने होडी उचलली, दोर करकरला, नांगर जागचा हलला नाही. मग होडी हळूहळू नांगराच्या पलीकडे नेऊन उलट बाजूने ताण दिला. दोर पंख्यात जाऊ नये म्हणून मी तो धरून होतो. दोनदा केलं. नाहीच.

भरती चढत होती, ऊन उतरत होतं. मामाने दोर सैल सोडला, त्याला रिकामा कॅन बांधला आणि कॅनच्या अलीकडे सुरी चालवली. मी नांगराच्या किमतीबद्दल काहीतरी पुटपुटलो.

"नांगर इकत गावता. तू खंय गावतलंस?"

दोन दिवसांनी ओळखीच्या एका डायव्हरने तो काढून आणला. मामाने आता दोर वरच्या कडीऐवजी तळाशी, दाते जुळतात तिथे बांधला. कडीजवळ नुसती सुतळी. नांगर अडकला तर जोराने ओढायचं. सुतळी तुटते, ओढ तळाकडून बसते आणि दाता आला त्याच वाटेने मागे निघतो.

"मग तेव्हा असंच का नव्हतं बांधलं?" मी विचारलं.

मामा सुतळी दाताने तोडत होता.

"तेव्हा वाळूत टाकूचो होतो. खडपार तू नेलंस."